अक्षराची खोली

टाकी अशी धर, यार्नेय. अंगठा दगडाला लागू देऊ नकोस.
हा कार्स्टचा करडा दगड, रागीट असतो,
घाई केलीस तर अक्षराचा कानच उडवील.

या एकाच रस्त्यावर दफनभूम्या भिंतीला भिंत लावून आहेत.
त्रिएस्तेत माणसं जहाजांनी आली
आपापला देव ट्रंकेत घालून,
आणि निजली आपापल्या फाटकाआड.
मी मात्र सगळ्या फाटकांतून हातगाडी ढकलली, चाळीस वर्षं.
यांतली एकच लिपी मला वाचता येते.
बाकीच्या नुसत्या हाताला येतात.

एकदा हिब्रूत चुकले.
शेवटी पाच अक्षरं असतात ना, त्यातलं तिसरं.
भीत भीत एलीओआजोबांना सांगितलं, तर हसले.
"देव चुका सुधारून वाचतो गं, नेविया,
माझी वहिनी नाही वाचत. नवा दगड घे."
मग त्या पाचांचा अर्थ सांगितला:
जगण्याच्या गाठोड्यात याचाही जीव बांधलेला राहो.
मला ते गाठोडंच आवडलं.
कुणीतरी चार टोकं जुळवतंय
आणि गाठ मारण्याआधी बघतंय,
बाहेर कुणी राहिलं तर नाही ना.

ओंदिना दर रविवारी नवऱ्याचा चिनीमातीतला फोटो
थुंकी लावून पुसते, आणि भांडते त्याच्याशी गॅसच्या बिलावरून.
उठायचंच आहे त्याला एक दिवस, म्हणते,
तर हिशेब आत्ताच झालेला बरा.

तोफाज्जल गोदीत वेल्डर. भाऊ मचाणावरून पडला त्याचा.
मी मोठा दगड दाखवला, स्वस्तात लावला, खरंच.
तो म्हणाला, उंच नको बाई, मातीबरोबर राहू दे.
नमाजाला मालक आणि वेल्डर एका ओळीत उभे राहतात,
कपाळ टेकतात एकाच फरशीवर.
आता मेल्यावर कशाला काढू त्याला ओळीतून?
त्या रात्री दरपत्रकाची वही
मी पालथी घालून ठेवली.

थुई म्हणाली, खोल कोरू नका.
म्हटलं, इथला बोरा वारा वीस वर्षांत पुसून नेईल.
"हो," म्हणाली, आणि पैसे मोजून दिले.
राग आला होता मला तेव्हा.
खोली हाच तर माझा धंदा.

आणि दिलमाया. नेपाळची. नवरा बंदरावर आचारी होता.
मी टेप काढली, तर तिच्याकडे कबरच नव्हती.
राख होती, तीही नदीला गेलेली.
"तो इथं नाहीच," म्हणाली, "पुढच्या गावाला लागला असेल.
नाव इथंच सुटलं त्याचं."
मग आलीस कशाला?
"इथं सगळ्या बायका येतात.
मलाही कुठंतरी यायचं होतं."
कॉफी दिली. ती बसली
त्या कोपऱ्यातल्या दगडावर, ज्यावर काहीच नाही.

तो माझ्या आईसाठी आणलेला. अकरा वर्षं झाली.
बाप पार्टिझान. त्याच्या दगडावर तारा आहे,
देव नको म्हणाला, पण सोबती सगळे हवेत, उजव्या डाव्या हाताला.
आई मेणबत्ती लावायची चोरून,
न्हाणीघरात, तो घोरायला लागल्यावर.
कुणासाठी, ते कधी बोलली नाही.
आता तिच्या डोक्याशी क्रॉस कोरू, की तारा,
की ती बंद दाराखालची उजेडाची फट?

यांतलं खरं कोणतं, ते मला विचारू नकोस.
मी काठ बघते, काठ साफ हवेत.
दिलमाया दर नोव्हेंबरात येते,
त्या कोऱ्या दगडावर मूठभर तांदूळ ठेवते,
चिमण्या येतात, मांजर येतं चिमण्यांसाठी,
आणि आम्ही दोघी काही बोलत नाही.

उचल हातोडी.
आज तिच्या नावाचं पहिलं अक्षर तू घे,
हलक्या हातानं.
चुकलास तरी चालेल,
तिला वाचता येत नव्हतं.